मानेवरून शिलाई

राजकुमारी व्हायला सात गोष्टी लागतात, असं राहुलने सांगितलं आणि एसी अठरावर केला.

केबिनमध्ये चौघं होते. भाईदास आप्पा, म्हणजे मालक. राहुल, म्हणजे मालकाचा मुलगा आणि अहमदाबादहून कसलासा कोर्स करून आल्यापासून मालकाचाही मालक. कटिंग मास्तर वाल्मिक, ज्यांना इथे का बोलावलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि विचारायची त्यांना सवय नव्हती. आणि योगिता. सुरतेजवळच्या उधन्यातल्या या प्रिंटिंगच्या युनिटमध्ये ती अकरा वर्षं कॉम्प्युटरवर डिझाइनं काढत होती. वेली, कोयऱ्या, मोर, परत कोयऱ्या. अकरा वर्षांत तिने इतक्या कोयऱ्या काढल्या होत्या की तेवढ्यांचं लोणचं घातलं असतं तर गुजरातला दोन पिढ्या पुरलं असतं.

आज मात्र भिंतीवरच्या पडद्यावर सहा मुली होत्या. गेल्या वर्षी टीव्हीवरच्या कार्टूनमधली राजकुमारी उचलून फ्रॉकवर छापली तेव्हा कुठल्यातरी वकिलाचं पत्र आलं होतं. म्हणून यंदा राजकुमाऱ्या घरच्याच करायच्या, असं ठरलं. युनिट आप्पांचं, कापड आप्पांचं, शिलाई आप्पांची, तर राजघराणं तेवढं बाहेरचं कशाला.

“एक,” राहुलने बोट दुमडलं. “राजाची मुलगी पाहिजे, नायतर राजपुत्राची बायको. दोन, एखादा प्राणी पाहिजे, जो तिच्याशी बोलतो. तीन, गाणं. चार, संकट. पाच, केस. सहा, कंबर. सात, मुकुट.”

“पराक्रम नको का?” आप्पांनी विचारलं.

“पप्पा, पराक्रमावर फ्रॉक नाय खपत.”

पहिल्या पाच मुली भराभर पास झाल्या. त्या योगिताने ऑर्डरप्रमाणे काढल्या होत्या, दुधासारख्या गोऱ्या आणि बांगडीतून आरपार जातील अशा कंबरेच्या. एकीच्या खांद्यावर पोपट होता, एकीच्या मांडीवर हरिण. पाचव्या मुलीचे केस इतके लांब होते की ते छापायलाच शाईचा वेगळा डबा लागला असता.

मग सहावी आली.

सहावी सावळी होती. काष्टा घातलेलं हिरवं लुगडं, पायात काही नाही, गळ्यात दोरीला अडकवलेली दोरे कापायची छोटी कातर, आणि समोरचा दात अर्धा तुटलेला. ती हसत होती. मागे एक शेळी होती आणि शेळीही साधारण तशीच हसत होती.

“योगिताबेन, आ कोण छे?” राहुल म्हणाला.

“राजकुमारी.”

“हिचा बाप कोण?”

हिचा बाप धुळ्याच्या मार्केटात हमाल होता, हे योगिताला माहीत होतं, कारण तो तिचा आजोबा होता. सहावी मुलगी म्हणजे योगिताची आई, उषाबाई, वय अठ्ठावन्न, तिला चाळीस वर्षांनी लहान करून काढलेली. पण हे केबिनमध्ये कुणाला माहीत नव्हतं. ती म्हणाली, “आप्पा, तुमच्या घरी कानबाई बसते ना श्रावणात?”

“बसते. का?”

“नारळाला डोळे लावायचे, नथ घालायची, साडी नेसवायची. देवी झाली. आपली सगळी गोडादरा वस्ती पाया पडते. त्या नारळाचा बाप कोण, असं कोणी विचारलंय का आजवर?”

वाल्मिक मास्तर खुदकन हसले आणि लगेच खोकल्यासारखं केलं. आप्पाही हसले. आप्पा मूळचे शिरपूरकडचे. पस्तीस वर्षांपूर्वी ते याच उधन्यात दुसऱ्याच्या लूमवर बारा-बारा तास उभे राहिलेले. त्यांनी चष्मा डोक्यावरून नाकावर आणला, पडद्याजवळ गेले आणि बराच वेळ बघत राहिले.

“मनी मायसारखी दिसस रे हाई,” ते एकदम अहिराणीत म्हणाले, कुणालाच उद्देशून नाही.

“पप्पा, दादी चांगली होती,” राहुल म्हणाला, “पण दादीचा फ्रॉक कोणी नाय घेणार.” मग त्याच्या डोळ्यांत एक चमक आली. अशी चमक आली की युनिटमधली माणसं रजा टाकत. “एक काम करू. हिला ठेवू. मेड बना दो. राजकुमारी आहे तर नोकराणी पाहिजेच ना, नायतर कळणार कसं राजकुमारी कोण? कातर काढा, झाडू द्या हातात. शेळी काढून टाका, ती जास्त शानी दिसते.”

योगिताने आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी चष्मा परत डोक्यावर चढवला.

“पोरगं म्हणतंय तर कर तसं,” ते म्हणाले. “नवीन लोकांना कळतं बाबा यातलं.”

“करते,” योगिता म्हणाली.

योगिताबद्दल इथे एक गोष्ट सांगायला हवी. तिला राग यायचा नाही. निदान तिथल्या तिथे यायचा नाही. लोकांचा राग दुधासारखा, उतू गेला की संपला. योगिताचा राग लोणच्यासारखा होता. ती तो बरणीत भरायची, वर दादरा बांधायची आणि मुरू द्यायची. बारावीत असताना अमळनेरच्या मामीने भर लग्नात तिला ‘आमची काळी’ म्हटलं होतं. योगिता हसली. चार वर्षांनी मामाच्या नव्या घराची वास्तुशांत होती आणि गल्लीच्या तोंडाशी लावायचं बॅनर करायचं काम घरातली डिझायनर म्हणून तिच्याकडे आलं. तिने मामीचा फोटो आडवा फक्त बारा टक्क्यांनी ताणला. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मामीने मात्र त्या दिवसापासून भात सोडला, तो अजून सोडलेलाच आहे.

त्या संध्याकाळी ती गोडादऱ्याला घरी आली तेव्हा उषाबाई दाराशी चटईवर बसली होती. पुढ्यात साड्यांचा ढीग. भरतकामाच्या साड्यांचे लोंबते दोरे कापायचे, हे काम ती बत्तीस वर्षं करत होती. योगिताचे वडील लूमवर होते. लूमच्या आवाजाने आधी त्यांचे कान गेले आणि मग बाकीचे तेही गेले. त्यानंतर या कातरीवर घर चाललं. कातर गळ्यातच असायची. एकदा ती हरवली होती, तेव्हा चार दिवस उषाबाईने दोरे दातांनी तोडले. दात तेव्हाचा.

चित्र काढायचं म्हणून गेल्या रविवारी ती ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून पलंगाच्या कडेवर बसली होती, पासपोर्टचा फोटो काढायला बसल्यासारखी.

“श्वास तर घे, आई.”

“मी हालसू ना मंग.” थोड्या वेळाने म्हणाली, “मुकुट नको काढू. भार व्हस. कातर ऱ्हाऊ दे. आनि दात पुरा काढजो.”

योगिताने दात तुटकाच काढला होता. तो बघून उषाबाई दोन मिनिटं रुसली आणि मग शेजारच्या सुमनला बोलावून चित्र दाखवलं. सुमनने तिच्या नणंदेला सांगितलं. बुधवारपर्यंत अख्ख्या गल्लीला ठाऊक झालं होतं की उषाबाई फ्रॉकवर येणार. भाजीवाला तिला ‘राणीसाहेब’ म्हणून कोथिंबीर फुकट देऊ लागला होता.

योगिताने चपला काढल्या आणि झाडूचं सांगून टाकलं. तिला गोष्टी हळूहळू सांगता येत नसत.

उषाबाईने हातातल्या साडीचा दोरा कापला. मग दुसरा कापला.

“झाडू ते घरमाबी शे,” ती म्हणाली. “फ्राकवर कसाले जावाले पाहिजे?”

“मी नाही म्हणून सांगते त्यांना.”

“नको. नोकरी शे तुनी.” तिसरा दोरा. “शेळी ते ऱ्हाऊ दिधी ना?”

“शेळी पण काढली.”

चौथा दोरा कापायला तिला जरा वेळ लागला.

थोड्या वेळाने योगिता आत भाकरी थापत होती तेव्हा बाहेर सुमनचा आवाज आला, “काय मावशी, कधी येणार तुमचा फ्रॉक? आमच्या गायत्रीने तर जेवण सोडलंय त्यासाठी.”

“त्या फ्राक रद्द व्हई ग्यात, बाई,” उषाबाई म्हणाली. “मशीन बिघडनं.”

उषाबाई आयुष्यात खोटं बोलली नव्हती. त्यामुळे तिला ते नीट जमलंही नाही. आवाज शेवटी जरा खालीच गेला. योगिताच्या हातातली भाकरी तव्यावर पडण्याऐवजी ओट्यावर पडली. तिने ती उचलली, पीठ झटकलं आणि तव्यावर टाकली. बरणी भरली होती.

दुसऱ्या दिवशी ती शिलाई विभागात वाल्मिक मास्तरांकडे गेली. मास्तर मोठ्या टेबलावर कापडाचे साठ थर एकावर एक अंथरत होते. वरून एक लांबलचक कागद ठेवायचा, त्यावर फ्रॉकचा प्रत्येक तुकडा आखलेला असायचा. पुढा, पाठ, बाह्या, घेर, सगळे एकाच कागदात गुंतवलेले. मग मशीन त्या रेघांवरून फिरवलं की एका घावात साठ फ्रॉक.

“मास्तर, या कागदाचा फोटो घेऊ? मापासकट?”

“घे ना. कशाला लागतो?”

“राजकुमाऱ्या नीट बसवायच्यात.”

“बसव बसव,” मास्तर म्हणाले. ते तीस वर्षं कापड कापत होते आणि कापडावरचं चित्र त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. चित्र पाहिलं की हात थरथरतो, रेघ पाहायची, असं त्यांच्या उस्तादाने त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांनी मोर कापले होते, ताजमहाल कापले होते, एकदा चुकून एका पक्षाच्या उमेदवाराचे चारशे चेहरे कापले होते. हात कधी थरथरला नव्हता.

कापडावर चित्र छापताना एक तुकडा तयार करतात आणि तोच पुन्हा पुन्हा छापला जातो. त्याला रिपीट म्हणतात. एरवी रिपीट हात-दीड हाताचा असतो. पण डिजिटल मशीनला त्याची लांबी कितीही चालते. योगिताने रिपीट मास्तरांच्या कागदाएवढा केला. बरोब्बर तेवढाच, सुताचाही फरक नाही. मग तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत, डबा एका बाजूला आणि मापं दुसऱ्या बाजूला ठेवून, ती पाच राजकन्यांना एकेक करून जागेवर बसवत गेली. पोपटवालीची मान गळ्याच्या गोलाईवर. हरिणवालीची बगलेत. तिसरीची कमरेच्या शिलाईत, चौथीची बाजूच्या. लांब केसांच्या पाचवीला तिने घेराच्या खालच्या दुमडीत उलटी टांगली. आणि प्रत्येक पुढ्याच्या मधोमध, छातीवर, वीतभर उंचीची एकच मुलगी. सावळी, हिरव्या लुगड्यातली, तुटक्या दाताने हसणारी. हातात झाडू. सांगितल्याप्रमाणे.

पडद्यावर कापायच्या रेघा नव्हत्या आणि ते इतकं सुंदर दिसत होतं की राहुल म्हणाला, “एकदम रॉयल.” सहा राजस मुली, वेली, तारे, सगळ्यांना डोकी. त्याने पास करून टाकलं. खरं तर आधी दोन फ्रॉक सँपल शिवून बघायची युनिटची पद्धत होती. पण नवरात्र जवळ आली होती, इंदूरची पार्टी फोनवर फोन करत होती, आणि सँपल ही जुन्या लोकांची भीती आहे, असं कोर्समध्ये शिकवलं होतं.

तागे छापून आले. मास्तरांनी थराला थर जुळवला, त्याबाबतीत त्यांचा हात धरणारा सुरतेत कुणी नव्हता. मशीन फिरलं. योगिता काचेच्या पलीकडून बघत होती. साठ थर म्हणजे एका घावात तीनशे मुंडकी. तिला वाटलं होतं, निदान थोडं तरी वाईट वाटेल. तिने वाट पाहिली. नाही वाटलं.

शिवणाऱ्या बायकांना दिसलं. पण त्यांना वाटलं, फॅशन असेल. गेल्या वर्षी त्यांनीच नव्या कोऱ्या पँटी गुडघ्यावर फाडून दिल्या होत्या.

माल गेल्यावर नवव्या दिवशी इंदूरहून व्हिडिओ कॉल आला. दुकानात एक लहान मुलगी आडवी पडून हातपाय झाडत होती आणि तिची आई कॅमेऱ्यापुढे फ्रॉक धरून विचारत होती की हरणाला मांडीवर घेऊन बसलेली ही बाई डोकं कुठे विसरून आली. दुकानदाराने एकेक फ्रॉक उलगडून दाखवला. गाणाऱ्या राजकन्येला तोंड नव्हतं. मुकुट एका बाहीवर होता आणि कपाळ दुसऱ्या बाहीवर. आणि प्रत्येक फ्रॉकच्या मधोमध एक नोकराणी अत्यंत समाधानाने हसत होती, जणू आत्ताच सगळं झाडून काढलंय.

चार हजार दोनशे फ्रॉक परत आले.

राहुल मास्तरांवर ओरडत होता. मास्तर मान खाली घालून हातातला खडू चोळत होते. त्यांना अजूनही चित्रं पाहायची नव्हती.

“मास्तरांनी रेघेवरच कापलंय,” योगिता दारातून म्हणाली. “रिपीट माझा आहे. मुद्दाम तसा केला.”



“मुद्दाम?” राहुलला तो शब्द मराठीत समजला की नाही, कळेना. “क्यूँ?”

“तुमच्या सात अटी मी लिहून घेतल्या होत्या,” ती म्हणाली. “बाप, प्राणी, गाणं, संकट, केस, कंबर, मुकुट. सगळं दिलंय. डोकं पाहिजे असं कुठे म्हणाला होतात?”

राहुल काहीतरी गुजरातीत बोलू लागला, मग हिंदीत, मग नुसतेच हातवारे. आप्पांनी त्याला थांबवलं. त्यांनी ढिगातला एक फ्रॉक उचलला, चष्मा नाकावर आणला. मागच्या वेळेइतकाच वेळ बघत राहिले.

“हिच्या गळ्यात कातर होती ना?” ते म्हणाले. “झाडू कुणी दिला?”

“तुम्ही.”

आप्पांनी फ्रॉकची घडी घातली. लूमवरचा माणूस घालतो तशी, हाताने इस्त्री करत. मग म्हणाले, “उद्यापासून येऊ नको, पोरी.”

“नाही येत.”

जाताना तिने पेन ड्राइव्ह आणि डबा घेतला. अकरा वर्षांच्या कोयऱ्या तिथेच ठेवल्या.

आता ती कामरेजला एका छोट्या युनिटमध्ये जाते. दोन बस बदलाव्या लागतात. तिथे बेडशीट छापतात, त्यामुळे ती गुलाब काढते. गुलाबाचं बरं असतं, त्याचा बाप कोण हे कुणी विचारत नाही. बदला घेऊन झाल्यावर माणसाला हलकं वाटतं, असं तिने ऐकलं होतं. तिला बसमध्ये झोप यायची, एवढाच फरक. आईला तिने एवढंच सांगितलं की युनिट बदललं. आईनेही एवढंच विचारलं की तिथे पंखा आहे का.

एक रविवार होता. सकाळी अकराच्या सुमाराला उषाबाई पिशवी घेऊन भाजीला निघाली आणि दारातच थांबली. समोरून सुमनची गायत्री येत होती, वय वर्षं सहा, नवा फ्रॉक घालून. फ्रॉकवर उषाबाई होती.

“कुठून घेतला गं?” योगिताने आतून येत विचारलं.

“बाजारात. किलोवर मिळतायत. मम्मीने तीन आणले.”

गायत्रीच्या मागून आणखी दोघी आल्या, त्यांच्याही छातीवर तीच. कोपऱ्यावर दोरीवरच्या उड्या चालल्या होत्या, तिथे चौघी होत्या. कुठल्यातरी हातगाडीवाल्याने तो सगळा नाकारलेला माल उचलला असणार आणि गोडादऱ्यात ज्या ज्या घरात मुलगी होती, त्या त्या घरात एकेक गेला असणार. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उषाबाई उड्या मारत होती, पेप्सी चोखत होती, एका ठिकाणी नाक पुसत होती.

उषाबाईने पिशवी खाली ठेवली. ती गायत्रीसमोर वाकली आणि स्वतःच्या तोंडाकडे बघितलं.

“हाई कोन शे वं?”

“राजकुमारी,” गायत्री म्हणाली.

“कोनी सांगं तुले?”

गायत्रीने तिच्याकडे मोठ्या माणसांना काहीच कळत नाही अशा नजरेने पाहिलं. “बघ ना. बाकीच्यांना डोकीच नाहीत.” मग चित्रातल्या तुटक्या दातावर बोट ठेवून तिने आपलं तोंड उघडून दाखवलं. पुढचे दोन पडले होते. “हिचा पण पडलाय. येईल परत.”

आई आता झाडूबद्दल विचारेल, असं योगिताला वाटत होतं. उषाबाईने विचारलं नाही. तिची नजर फ्रॉकच्या गळ्यावर गेली होती. पोपटवालीची मान जिथे शिलाईत गेली होती तिथून एक लांब दोरा लोंबत होता. बगलेतून दुसरा. रद्द झालेला माल, त्याचे दोरे कोण कापणार.

“असं घालीसन फिरतंस का कोनी,” ती पुटपुटली.

तिने दाराशी चटईवर बसून गळ्यातली कातर उघडली, गायत्रीला दोन्ही गुडघ्यांत धरून उभं केलं आणि गळ्याचा दोरा कापला. बगलेतला कापला. बाह्या उलटून पाहिल्या. घेर हातावर घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासला, ठेवणीतली साडी तपासावी तसा. मग फ्रॉक खांद्यावर नीट केला, छातीवरचं चित्र तळव्याने सपाट केलं आणि तिला सोडलं.

मागच्या दोघी आपोआप पुढे सरकल्या. कोपऱ्यावरची दोरी थांबली. काहीतरी मिळतंय असं वाटून तिथल्या चौघी आल्या, त्यांच्यामागून आणखी आल्या. बघता बघता दारापासून नळापर्यंत रांग लागली. रांगेतल्या प्रत्येकीच्या छातीवर तीच हसत होती आणि तिच्यापुढे चटईवर उषाबाई मान खाली घालून बसली होती, हसत नव्हती, कामात होती.

“दुसरी ये,” ती म्हणाली.

पायाशी दोऱ्यांचा ढीग होऊ लागला. लाल, सोनेरी, निळे. योगिता बराच वेळ उंबऱ्यात उभी होती. मग तिने दारामागचा झाडू घेतला आणि वाकून दोरे गोळा करायला लागली.